हळदीचा सीन

सिनेमा अगदी खरा वाटला पाहिजे, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. परवा भाचीची मुलगी टीव्हीपुढे बसून नाक मुरडत होती. शाळेतल्या पोरापोरीचं प्रेम चाललं होतं, आणि ही म्हणते, "आजी, किती खोटं वाटतंय गं! ती सोळाची वाटतच नाही." मी म्हटलं, "खोटं वाटतंय ना? मग देवाचे आभार मान आणि बघ गुपचूप." तिला वाटलं, म्हातारी चळली. वाटू दे. खरं भासवण्यापायी काय होतं ते मी सोळाव्या वर्षी बघितलंय, आणि ते बघणाऱ्यांपैकी आता मी सोडून फारसं कुणी उरलेलं नाही.

आमचं गाव रेवस बंदराच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. आम्ही आगरी. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीतला भात आणि उरलेलं वर्षभर मिठागर, यावर घर चालायचं. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. मी सातवी पास झालेली गावातली पहिली मुलगी होते, त्याचा मला बराच ताठा होता, आणि माझं लग्न ठरलेलं होतं.

मुलगा शेजारच्या वाडीतला. भाऊच्या धक्क्याहून रेवसला येणाऱ्या लाँचवर तो खलाशी होता. बाबांची भाकरी घेऊन मी रोज बंदरावरून मिठागरात जायची. लाँच लागायची त्याच वेळी नेमकी जायची, हे आता सांगायला काय हरकत आहे? तो दोर फेकायचा, उडी मारून खाली यायचा आणि खांबाला वेढे घालायचा. मी त्याच्या हातांकडे बघायची. तोंडाकडे बघायची छाती नव्हती. तो माझ्या पायांकडे बघायचा. एकदा मान खाली घालूनच म्हणाला, "मिठावर अनवाणी जातेस? पाय फाटतील ना." दुसऱ्या खेपेला त्यानं मुंबईहून टायरच्या तळव्याच्या चपला आणल्या, त्या खांबाच्या बुडाशी ठेवल्या आणि न बोलता लाँचवर चढला. मी त्या उचलून पायात घातल्या आणि तशीच बंदरावरून चालत गेले. झालं. आमचं प्रेम म्हणायचं तर ते एवढंच. पुढच्या महिन्यात त्याची आई मला मागणी घालायला आली.

ती बाई मनानं वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिला मी काकी म्हणायची. तिचा मोठा मुलगा लग्न झालं त्याच महिन्यात होडी उलटून बुडाला होता. अंगाची हळदसुद्धा गेली नव्हती म्हणे. तेव्हापासून काकी दर्याला घाबरायची, देवाला घाबरायची आणि पाठच्या मुलाच्या जीवाला जपायची. मला मात्र तिनं मायेनं कुंकू लावलं, आईला म्हणाली, "तुझी पोर आता माझी." पानसुपारी झाली. लग्न वैशाखात लावायचं ठरलं.

होळी पंधरा-वीस दिवसांवर आली असेल, तेव्हा मुंबईहून सिनेमावाले आले. लाँचभर पेट्या, दिवे, तारा, आणि एक टोपीवाला काटकुळा माणूस. त्याला सगळे साहेब म्हणत. चित्र होतं सोळा वर्षांच्या दोन पोरांचं, किनाऱ्यावरच्या गावातलं. साहेबांचा एकच हेका: सगळं खरं पाहिजे. रंगवलेलं घर नको, खरं घर पाहिजे. नवी जाळी नको, फाटकी पाहिजेत. आमच्या शेजारणीनं बिचारीनं अंगण सारवून चकाचक केलं, तर म्हणाले, "अहो बाई, कालचंच बरं होतं." ती चार दिवस तोंड फुगवून बसली.

आणि एवढं खरं-खरं करून आणलं कुणाला? नायक असा, की वारा आला की आधी कपाळावरची झुलपं सावरायचा, कारण मागे टक्कल होतं. नायिका तिशीला टेकलेली. दादरला तिची दहा वर्षांची मुलगी होती. ती दोन वेण्या घालून, परकर उडवत वाळूतून पळायची आणि शॉट संपला की कमरेला हात लावून बसायची. बायका पदर तोंडात कोंबून हसत. मला मात्र तिचा राग आला नाही. एकदा मी तिला पाणी दिलं, तेव्हा म्हणाली, "तू खरंच सोळाची? कसं असतं गं? मी बारा वर्षांची असल्यापासून तोंडाला रंग लावतेय. मला माझं सोळावं आठवतच नाही." मी म्हटलं, "पाय जळतात मिठावर."

साहेबांना तिची नजर पसंत पडत नव्हती. त्यांनी मला पुढे बोलावलं. "हिला दाखव बरं, तुमच्याकडची मुलगी आवडत्या मुलाकडे कशी बघते."

मी म्हटलं, "बघत नाय."

"बघत नाही म्हणजे?"

"हातातल्या कामाकडं बघते."

मग मी टोपली उचलली आणि नायकाच्या शेजारून खाली मान घालून गेले, त्याच्या हातांपुरती नजर टाकून. साहेबांनी टोपी मागे सारली. मग म्हणाले, "असेल बुवा खरं. पण तिकीट काढून आलेला माणूस विचारील, प्रेम कुठे आहे यात?" त्यांनी नायिकेला खांद्यावरून वळून बघायला, ओठ चावायला आणि पापण्या फडफडवायला सांगितलं. म्हणजे प्रेम खोटं चालणार होतं. बाकी सगळं मात्र खरं हवं होतं त्यांना. मांडव खरा, धवलारीण खरी आणि हळद खरी.

हळदीवरूनच सगळं फिसकटलं. नायिकेच्या अंगाला हळद लागली की चट्टे उठायचे. चेहरा तिचा घ्यायचा आणि हळद लावताना हात, पाय, पाठ दुसऱ्या कुणाची दाखवायची असं ठरलं. माझी चण तिच्यासारखी. साहेब स्वतः आमच्या ओटीवर येऊन बसले, बिनदुधाचा चहा प्याले आणि बाबांना म्हणाले, "काका, मुलीचं तोंड दिसणार नाही, शब्द देतो." बाबा त्या 'काका'नंच विरघळले. तरी आईनं आधी काकीकडे निरोप धाडला. काकीचं उत्तर आलं, "नाटकातला काम हाय ना? करू दे. मी पन येते बघायला." माझ्या माणसांनी काही उणं ठेवलं नव्हतं, हे कुणी विसरू नये.

आता धवलारीण म्हणजे काय ते सांगते. आमच्यात लग्न लावायला भटजी आला तरी त्याच्याआधी ती लागते. म्हातारी, जाणती बाई असते. ती गाऊन देवांना मांडवात बोलावते, खाडीवरच्या, वेशीवरच्या, डोंगरावरच्या, एकेकाला नाव घेऊन. त्याला देव बसवणं म्हणतात. मग हळद लागते, लग्न लागतं, आणि शेवटी ती गाऊनच देवांना परत पाठवते. एकदा बसवलेले देव लग्न लागल्याशिवाय उठत नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

मांडव घातला, उंबराची मेढ रोवली, पाट मांडला. दोन्ही गावांच्या बायका नटूनथटून आल्या. मी चपला मांडवाबाहेर काढल्या आणि पाटावर बसले. धवलारणीला सांगितलं होतं, आजी, नुसते ओठ हलवा, गाणं मुंबईत भरू. तिनं केलं तसं बिचारीनं. पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी दिसायला लागली. साहेब ओरडले, "खोटं वाटतंय! आजी, गा. खरं गा."

ती म्हणाली, "साहेब, मना खोटा गाता येत नाय. नि खरा गायला तर लगीन लावाया लागंल."

साहेब हसले. "लावू या की!"

तिनं तो शब्द धरला. मांडवात उभा राहून एवढा मोठा माणूस खोटं बोलेल, हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. तिनं विचारलं, "नवऱ्याचा नाव?" साहेबांनी गोष्टीतल्या पोराचं नाव सांगितलं. "पोरीचा?" तेही गोष्टीतलंच सांगितलं.

आणि ती गायला लागली. मी तिला कितीतरी लग्नांत ऐकलं होतं, पण पाटावर बसून ऐकणं वेगळं असतं बाई. मागच्या बायकांनी आपोआप सूर धरला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कॅमेरा त्या विसरूनच गेल्या. पाच सुवासिनींनी मला हळद लावली, पायांना, हातांना, मानेवर. धवलारीण गाण्यात त्या गोष्टीतल्या पोराचं नाव गुंफत होती, आणि प्रत्येक वेळी मी मनात दुसरं नाव घेत होते. मला रडू फुटलं. खरं रडू. वैशाख दीड-दोन महिन्यांवर होता आणि मी इतकी सुखात होते की मला ते सोसेना. पाठ गदगदत होती, आणि कॅमेरा पाठीवरच होता.

"कट!" साहेब आनंदानं ओरडले. "वा! याला म्हणतात खरं!"

दिवे गेले, माणसं तारा गुंडाळायला लागली. धवलारीण गातच होती. कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा थांबली आणि म्हणाली, "नवऱ्याला आना आता. मुहूर्त कवाचा?"

साहेबांचा मदतनीस, चांगला हसरा पोरगा होता तो, म्हणाला, "मुहूर्त कसला आजी? लग्न होतच नाही गोष्टीत. हिला हळद लागते आणि तिकडे तो होडीसकट बुडतो. मग ही हळदीच्या अंगानं किनाऱ्यावर धावत जाते आणि चित्र संपतं."

मी काकीकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. तिनं हातातल्या तांदळाच्या अक्षता पदरात बांधल्या, एकाएकी उठली आणि कुणाशी न बोलता वाडीची वाट धरली.

धवलारीण मांडवातून उठेना. "देव बसलेत," एवढंच म्हणत राहिली. साहेब तिच्यासमोर वाकले, समजूत काढू लागले, पण भरती धरून लाँच सुटायची होती. जाताना त्यांनी मला म्हटलं, "मुली, तुझी पाठ चेहऱ्याहून जास्त बोलते." मी खुळी त्या शाबासकीनं फुगले. हात-पाय न धुताच चपला घातल्या आणि घरी आले. चपलांना आतून पिवळे डाग पडले, ते पुढे घासूनही निघाले नाहीत.

चार दिवसांत निरोप आला. काकी पानसुपारी परत करणार होती.

आई धावत वाडीवर गेली, मी मागोमाग. धवलारीणही आली, तिला जेवण गोड लागत नव्हतं. तिनं तोड काढली होती. म्हणाली, "वैशाखात हिचा खरा लगीन लागंल, तवा ते देव उठतील. मी हाय ना. सगला माझ्या माथी." मला वाटलं, सुटलो. इतकं सोपं होतं. मी काकीच्या तोंडाकडे आशेनं बघत राहिले.

काकी म्हणाली, "नि तवर? तवर ही हलद कोनाची? बुडालेल्याची. त्याच्या नावानं देव बसलेत नि त्या पाटावर मी माझ्या पोराला बसवू?"

"अगो, तो माणूस खरा नाय," आई रडकुंडीला आली. "गोष्टीतला हाय तो."

"देव खरं हायेत ना?" काकी म्हणाली. "हलद खरी ना? हिनं गायला ता खरा ना? मंग एकला तोच खोटा कसा?"

आज इतकी वर्षं मुलांना शिकवलं, तरी मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. मी तिचे पाय धरले. हो, धरले. सातवी पासचा सगळा ताठा त्या ओटीवर गेला. तिनं मला उठवलं, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "एकाला दर्यानं नेला पोरी. दुसऱ्याला मी सोताच्या हातानं देऊ व्हय?" ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती. दुष्ट असती तर मी तिला शिव्या तरी घातल्या असत्या.

तो मला बंदरावर भेटला. पहिल्यांदाच दोर बांधायचा सोडून उभा राहिला. माझ्या चपलांमधले पिवळे डाग त्याला दिसले असणार, कारण बराच वेळ तो तिकडेच बघत होता. म्हणाला, "मी नाय मानत हे. आयेला समजावतो. पावसाआधी." मी त्या तेवढ्या शब्दांवर पुढचे दिवस काढले. वैशाख आला नि गेला. त्यानं समजावलं, भांडला, घर सोडून लाँचवर झोपायला लागला. मग काकीनं अन्न सोडलं. तो घरी गेला. पावसानं लाँच बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा दोर फेकायला दुसराच खलाशी होता. त्यानं मुंबईत गोदीत काम धरलं, असं कळलं.

दुसऱ्या वैशाखात त्याचं लग्न झालं, मुलगी पेणकडची. वाडी आमच्या घरापासून दोन शेतं पलीकडे. धवलारीण तीच. कापणी झालेल्या उघड्या शेतांवरून तिचा आवाज स्पष्ट येत होता. आईनं दार लावून घेतलं, तरी येत होता. नवऱ्याचं नाव यायचं तिथे मी कानात बोटं घातली.

मला पुढे दोन-तीन स्थळं आली. बंदरावर उतरेपर्यंत ठीक असायचं, गावात शिरेपर्यंत कुणीतरी सांगायचं, हिचे देव उठायचे आहेत अजून. चहा पिऊन माणसं परत जायची. धवलारीण दोन वर्षांत वारली. तिच्याबरोबर देवांना परत पाठवणारं माणूसही गेलं. बाबांनी मग माझ्यासाठी धावपळ करून शाळेतली नोकरी बघितली. लोक म्हणतात, बरं झालं, शिकलीस, पायावर उभी राहिलीस. डोंबल बरं झालं. मला तो हवा होता.

तिसऱ्या वर्षी, भात झोडून झाल्यावर, रेवसच्या वाटेवरच्या शेतात तंबूतला सिनेमा आला. आमच्याच किनाऱ्यावरचं चित्र म्हणून दोन्ही गावं लोटली. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "जा. आपलंच काय गेलंय ते बघून तरी ये." दिवेलागणीच्या खेळाला गेले. बायकांच्या बाजूला जागा एकच राहिली होती, आणि शेजारी कोण, तर काकी. तिच्या पलीकडे तिची सून, पोटुशी. तो मुंबईलाच होता. काकीनं सरकून मला जागा दिली. इतक्या दिवसांत आमचं बोलणं नव्हतं.

चित्र सुरू झालं. पापण्यांची फडफड आली तेव्हा तंबू हसला नाही. बायका, ज्या पदर तोंडात कोंबून हसल्या होत्या त्याच, "किती गो गोड!" म्हणाल्या. नायकाची झुलपं कुणाला दिसली नाहीत. पडद्यावर तिशीची बाई सोळाची झाली होती आणि सगळ्यांनी ती कबूल केली होती. मीसुद्धा. देवाशप्पथ सांगते, मला तिचा चेहरा बघून माझाच बंदरावरचा चेहरा आठवला.

मग हळद आली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर हळद पिवळी दिसत नाही. माझ्या हातांवर काजळी फासल्यासारखं दिसत होतं. चुलीतली राख लावली असती तरी चाललं असतं. आणि धवलारणीचा आवाज नव्हताच. तिचे ओठ हलत होते आणि कुणा मुंबईच्या गायिकेचं गोड गाणं चाललं होतं, मागे सारंगी की काय वाजत होतं. ज्या गाण्यापायी देव येऊन बसले, ते त्यांनी ठेवलंच नव्हतं. माझे हात, माझे पाय, माझी गदगदणारी पाठ, आणि मग नायिकेचं ओलं तोंड.

"कशी रडते बघ गो," मागून कुणीतरी म्हणालं. "पाठ बघ कशी हालते. काय काम केलाय!"

तो बुडाला. ती किनाऱ्यावर धावत सुटली. सगळा तंबू मुसमुसत होता. अंधारात काकीनं माझा हात घट्ट धरला. तोच हात, घटकेपूर्वी पडद्यावर होता तो. ती त्या मांडवात स्वतः हजर होती, तिनं तो हात बघितला होता, आणि आता तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ती हुंदके देत होती.

"बिचारी पोर," काकी म्हणाली. "हिचा काय चुकला गो यात?"

"काय नाय काकी," मी म्हटलं. "शिनेमा हाय तो."

"व्हय गो," तिनं पदरानं डोळे पुसले. "पन कसा खरा वाटतो."